अर्ध्या भाषेची वाटणी

मी, म्हणजे जिने शेवटच्या पानावर लाल दोऱ्याने सही केली आहे ती, वय कागदोपत्री अठ्ठ्याहत्तर आणि खरं त्याहून थोडं जास्त, धंदा पूर्वी लाँड्रीत खुणा शिवण्याचा आणि आता बसून राहण्याचा, हे माझं मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्या धाकाशिवाय आणि सकाळचा चहा झाल्यावर लिहिते आहे. डॉक्टरांनी माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला दिला आहे. तो सोबत जोडला आहे. ज्यांना दाखला बघूनही पटणार नाही, त्यांच्यासाठी वेगळा उपाय माझ्याकडे नाही.

माझं शिक्षण फार झालेलं नाही. अक्षर बरं आहे, वेलांट्या चुकतात. त्या माझ्या नातीने दुरुस्त केल्या आहेत. मजकुराला तिने हात लावलेला नाही, कारण मी लावू दिला नाही. वकीलबाईंनी सांगितलं आहे की मृत्युपत्रात विनोद नसावा. मी कुठेही विनोद केलेला नाही.

कलम १. घर. खालच्या दोन खोल्या, वरची एक, जिना आणि जिन्याखालची अडगळ, हे सगळं माझ्या मुलाला मिळावं. तो ते घर स्वतःचंच समजतो आहे, त्यामुळे त्याला फारसा फरक पडणार नाही. जिन्याची तिसरी पायरी हलते हे त्याला मी दरवेळी सांगते आणि तो दरवेळी "बघतो" म्हणतो. पायरीही त्यालाच दिली आहे.

कलम २. बँकेतली शिल्लक मुलगा आणि सून यांनी सारखी वाटून घ्यावी. सुनेचा वाटा सुनेच्याच हातात द्यावा. ती शहाणी आहे. हे तिला तोंडावर सांगायचं राहून गेलं, म्हणून इथे लिहून ठेवते.

कलम ३. शिवणयंत्र शेजारच्या घड्याळजींच्या बायकोला द्यावं. तिने ते दोन वर्षांपूर्वी आठवड्यासाठी नेलं होतं. आता आणायला जाऊ नये.

कलम ४. हे मुख्य कलम आहे. माझी भाषा मी माझ्या नातीला देते.

हे आधी तोंडी सांगितलं तेव्हा इथे वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं होतं आणि माझ्या मुलाने "आई, भाषा ही काय मिळकत असते का?" असं विचारलं होतं. असते. जी वस्तू मी कुणाकडून घेतलेली नाही, जी मी वापरली, जपली, जिच्यावरून भांडले आणि जी माझ्यामागे कुणाच्या तरी घरात पडून राहील, ती मिळकत नाही तर काय? नातीला मी आधी विचारलं होतं, तुला काय हवं. पोरगी दातांच्या डॉक्टरकडे काउंटरवर बसते, दिवसभर लोकांचे सुजलेले गाल बघते, तिला मला वाटलं सोन्याची साखळी आवडेल. ती म्हणाली, "घर, साखळी कुणाचीही आजी देते गं. मला काठाची दे." ते ऐकून मी इतकी खूश झाले की त्या दिवशी औषध घ्यायचं विसरले आणि काही झालं नाही.

तर काठाची म्हणजे काय, हे आता लिहिते, म्हणजे पुढे वाटणीत घोळ नको.

मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघी एकाच लाँड्रीत कामाला होतो. मोठी लाँड्री, हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी यायच्या. मी पुढच्या खोलीत बसायची. आलेल्या कपड्याच्या काठाला लाल दोऱ्याने गिऱ्हाइकाची खूण शिवायची हे माझं काम. मग कपडा भट्टीत, मग वाळवणाला, मग मागच्या खोलीत इस्त्रीला. तिथे धाकटी. ती इस्त्री करून घडी घालायची आणि घड्या परत माझ्याकडे यायच्या, खुणा बघून गाठोडी बांधायला. म्हणजे प्रत्येक चादर माझ्या हातून निघून तिच्या हातून माझ्याकडे परत यायची. मधे यंत्रांचा असा आवाज की स्वतःचा खोकला ऐकू येत नसे. आणि मधे मुकादम. त्याच्या गळ्यात कायम शिट्टी असायची, म्हणून आम्ही त्याला शिट्टीच म्हणायचो. आपलं टेबल सोडून दुसऱ्या खोलीत गेलं की शिट्टी वाजायची.

एका कंटाळवाण्या सकाळी मी हॉटेलच्या खुणेशेजारी एक उभा टाका घातला आणि त्याच्या डोक्यावर गाठ मारली. मुकादम टोपी घालायचा. झाला मुकादम. उगाच केलं, कशासाठी नाही. संध्याकाळी ती चादर परत आली तर तिची घडी रोजच्यासारखी चौकोनी नव्हती, तिरकी होती, एक कोपरा खाली लोळत होता. मला वाटलं धाकटीचं लक्ष नव्हतं. घरी जाताना तिने सांगितलं की शिट्टी दुपारी साबणाच्या पाण्यावरून घसरून चारी मुंड्या चीत झाला. ते आमचं पहिलं वाक्य. मुकादम मी शिवला, पडला तो तिच्या घडीतून.

तेव्हापासून असंच राहिलं. नावं दोऱ्याची, क्रिया घडीची. नावं माझी, क्रिया तिच्या. मी "सासूबाई, पाय" एवढं शिवून पाठवायचं. पाय दुखतो, की घसरला, की कुणी धरले, ते मागच्या खोलीत ठरणार. संध्याकाळपर्यंत मला उत्सुकता. इतकी मजा मला नंतर कशात आली नाही, लग्नातही नाही. गाठोडं बांधायच्या आधी मी आमचे टाके उसवून टाकायची. घडी मोडायला गिऱ्हाईक समर्थ होतं.

आता व्याकरण. हा शब्द नातीचा आहे, आम्ही त्याला शिस्त म्हणायचो.

आमच्यात बाई, पुरुष असा भेद नाही. सगळ्या वस्तू आणि माणसं तीन जातींत येतात: धुतल्यावर आटणारी, रंग सोडणारी, आणि जशीच्या तशी राहणारी. आटणाऱ्यांना टाका आखूड, रंग सोडणाऱ्यांना दोऱ्याचं टोक मोकळं, राहणाऱ्यांना दोन्हीकडे गाठ. माझा नवरा आटणारा होता. पगारवाढ, उन्हाळा, मुलाचा अभ्यास, हेही आटणारे. मुकादम, पाहुणे आणि नवीन टॉवेल रंग सोडणारे. सासूबाईंना मी जशीच्या तशी राहणाऱ्यांत घातलं होतं. धाकटी म्हणाली, ताई, हे कौतुक म्हणून घातलंय का तक्रार म्हणून? मी म्हटलं, गाठ दोन्हीची सारखीच असते.

काळ तीन आहेत: ओला, दमट, वाळलेला. ओला म्हणजे चाललंय. दमट म्हणजे होऊन गेलं पण अजून अंगाला चिकटतंय. वाळलेला म्हणजे झालं, कपाटात गेलं. घडी किती घट्ट दाबली आहे त्यावरून काळ कळतो. पुढचा काळ आमच्यात नाही. उद्या किती गाठोडी येतील हे मालकालाही माहीत नसायचं, आम्ही कशाला त्यात पडू? मृत्युपत्र काठाचीत लिहिता येत नाही ते यामुळेच, नाहीतर मी मराठीच्या वेलांट्यांत अडकले नसते.

नाही म्हणायचं असेल तर टाका उलट बाजूने घालायचा. सुलट्या बाजूला "मी" म्हणजे मी आहे, उलट्या बाजूला "मी" म्हणजे मी नाही, मी यात नाही, मला धरू नका.

वाक्य काठाकाठाने चालतं आणि कोपरा आला की संपतं. म्हणजे चादरीवर चार वाक्यं मावतात, अभ्र्यावर दोन बेताची, आणि रुमालावर फक्त चहाड्या.

एक घडी मात्र वाक्याबिक्यात नव्हती. संध्याकाळचा शेवटचा रुमाल यायचा, त्याचा खालचा उजवा कोपरा आत दुमडलेला असायचा, छोटा त्रिकोण. अर्थ एवढाच की काम झालं, चला घरी. तो रुमाल आला की मी सुई टोचून ठेवायची आणि चप्पल शोधायची.

आणि एक नियम, जो धाकटीने घातला. काठाचीतलं काठाचीतच ठेवायचं, तोंडाने काढायचं नाही. एकदा नळावर हात धुताना तिला माझं सकाळचं वाक्य आठवलं आणि ती एकटीच इतकी हसली की शिट्टीला संशय आला. तो म्हणाला, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही, पाणी गार आहे." त्याने तिला भट्टीवर पाठवलं, तिथे गरम असतं म्हणून. ती परत इस्त्रीला येईपर्यंत माझ्या चादरींत काही घडलं नाही. त्यानंतर हा नियम. आम्ही घरी, रस्त्यात, चुलीपाशी हजार गोष्टी बोलायचो, पण काठाचीबद्दल तोंडी एक अक्षर नाही. हा नियम दोघींनी अजून पाळला आहे, आणि पुढे जो घोळ झाला त्यात या नियमाचा मोठा वाटा आहे.

कलम ५. कलम ४ मधली अडचण. वकीलबाई म्हणाल्या, "आजी, जे तुमचं आहे तेवढंच देता येतं." म्हणजे मला फक्त नावं देता येतात. क्रिया धाकटीच्या.

तेवढ्यावर भागत नाही. नातीला मी नावं लहानपणीच शिकवली आहेत. सून कामाला जायची तेव्हा पोरगी माझ्या टेबलाखाली मळक्या कपड्यांच्या टोपलीत झोपायची, जागी झाली की काठ चाचपायची. शाळेच्या स्कर्टाच्या दुमडीत मी रोज काहीतरी शिवून द्यायची. आता ती दवाखान्याजवळ खोली घेऊन राहते आणि मला टॉवेलवर पाठवते. मागच्या महिन्यात आलं: "आजी. जिना. गुडघा." आता गुडघ्याचं काय झालं, आणि कुणाच्या? मला फोन करावा लागला. तिने विचारलं होतं की तुझा गुडघा बरा आहे का, जिना चढतेस का. पोरगी सांगते सगळं, पण तिच्या वाक्यात काही घडतच नाही. क्रिया मी स्वतः करून बघितल्या. मला घडी जमत नाही. लाँड्रीत आयुष्य गेलं तरी जमली नाही, ते कामच माझ्याकडे नव्हतं. मी घातलेल्या सगळ्या घड्यांचा अर्थ "चुरगळलं" असा होतो.

म्हणजे मी उद्या गेले तर पोरीच्या हातात नुसती नावं राहणार, आणि धाकटी गेली तर क्रिया तिच्याबरोबर जाणार. मग या कलमाला काही अर्थ नाही, आणि घरापेक्षा मला याच कलमाची काळजी आहे. घर पडलं तर मुलगा बांधेल.

कलम ६. धाकटी जाऊ आणि जुना हिशेब. हे लिहिणं भाग आहे, नाहीतर लोक विचारतील की मग तिला सरळ सांगितलं का नाही.

आमचं बोलणं कधी बंद झालं नाही. ती पुलापलीकडे राहते, बाजारात भेटते, गुडघ्यांबद्दल आम्ही भरपूर बोलतो. बंद झाली ती काठाची. लाँड्री सुटल्यावरही आम्ही रुमाल, अभ्रे पाठवायचो, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती. मग माझे दीर, म्हणजे तिचा नवरा, कानांनी अधू झाले. लाकडाच्या गिरणीत काम, करवतीचा आवाज, व्हायचं ते झालं. एक दिवस मी त्यांच्याकडे गेले तर दोरीवर टॉवेल, आणि टॉवेलच्या काठाला टाके. निळे. "मी. चहा. साखर." आणि घडीसुद्धा घातलेली, "कमी पडली." दीर माझ्या कानाशी येऊन ओरडून म्हणाले, "वहिनी, मला पण येतं आता. हिने शिकवलं."

मी चहा घेतला. साखर खरंच कमी होती.

ऐकू येत नाही म्हणून नवऱ्याला शिकवली, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आताही कळतं. पण भाषा दोघींची होती. मला विचारायचं. आणि क्रिया तिच्या, त्या तिने खुशाल द्याव्यात, पण नावं माझी होती. शिवाय साखरेसाठी तिने स्वतःच एक नवीन खूण करून दिली होती, तीही निळ्या दोऱ्याने. आम्हा दोघींना जन्मात एकटीने पूर्ण वाक्य करता आलं नाही आणि हा माणूस टॉवेल घेऊन बसला की एकटाच बोलायला मोकळा.

घरी येऊन मी एक रुमाल घेतला, उलट बाजूने एकच टाका घातला, "मी", आणि तिला पाठवला. तो रुमाल परत आला नाही. दीर जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या निळ्या दोऱ्याबद्दल माझी तक्रार कायम आहे. टाके मात्र सरळ होते, माझ्यापेक्षा सरळ, हे खोटं कशाला सांगू.

कलम ७. म्हणून मी काय केलं. एका अभ्र्यावर चार नावं शिवली: "मी. तू. पोरगी. कागद." सुलट्या बाजूला. घडी न घालता नातीच्या हाती धाकटीकडे पाठवला. वाक्य पुरं करणं तिच्या हातात होतं.

नात परत आली, म्हणाली, चुलतआजीने अभ्रा घेतला, कपाटात ठेवला, चहा दिला आणि दातांची कवळी कुठे चांगली करून मिळते ते विचारलं. बाकी काही नाही. मी म्हटलं, तू विचारलं नाहीस? ती म्हणाली, "तोंडाने काढायचं नाही ना?" नियम तिलाही शिकवला होता. माझीच चूक.

अभ्रा आला नाही. मी दोनतीनदा बाजारात मुद्दाम गेले. धाकटी भेटली, गुडघ्यांबद्दल बोलली.

कलम ८. अभ्र्याचं काही उत्तर आलंच, तर माझी खुणेची सुई आणि लाल दोऱ्याचं उरलेलं रीळ धाकट्या जावेला द्यावं. उत्तर आलं नाही, तर नातीने नावं तरी जपावीत, आणि ज्या वाक्यात काही घडत नाही तेही वाक्यच आहे असं समजून चालवावं.

इथपर्यंत मी घरी लिहिलं होतं. पुढचं वकीलबाईंच्या ऑफिसात बसून लिहिते आहे, कारण आज सह्या आहेत आणि कलम ८ मोडीत निघालं आहे.

कलम ९. साक्षीदार. मी सही काठाचीतच करणार, मला दुसरी येत नाही असं नाही, पण ही मिळकत देताना परक्या अक्षरात सही बरी दिसत नाही. वकीलबाई म्हणाल्या, सही कशीही चालेल, पण ती तुमचीच आहे हे ओळखणारा साक्षीदार हवा. आता ती ओळखणारी माणसं जगात दोनच, नात आणि धाकटी. नात चालत नाही, कारण जिला मृत्युपत्रातून काही मिळतं तिने साक्षीला सही करायची नसते. घड्याळजी एक साक्षीदार म्हणून आलेले होते (बायकोकडचं यंत्र वकीलबाईंनी मिळकतीत धरलं नाही, ते आधीच गेलेलं आहे), पण त्यांना लाल दोरा आणि लाल शाई सारखीच दिसते. वकीलबाई म्हणाल्या, आजी, मराठीत करा ना सही, अडून बसू नका. मी अडून बसले.

तेवढ्यात जिन्यावर चप्पल वाजली. धाकटी चढताना डाव्या पायाने जोर देते, मी ओळखली. नात तिला कवळीचा पत्ता द्यायला गेली होती तेव्हा आजच्या सह्यांचं सांगून आली होती, हे मला नंतर कळलं. ती आत आली, घड्याळजींना म्हणाली, "सरका जरा," आणि माझ्याशेजारी बसली. गुडघ्यांबद्दल काही बोलली नाही.

पिशवीतून तिने अभ्रा काढला नाही. रुमाल काढला. तो जुना, माझ्या एकाच टाक्याचा, इतका इस्त्री केलेला की तुटेल असं वाटावं. तो तिने टेबलावर ठेवला आणि उलटा केला. उलट्या बाजूचा टाका वर आला. "मी." आता सुलटा.

मी टाका नुसता बोटाने चाचपला. नियम होता.

वकीलबाईंना यातलं काही कळलं नाही आणि त्यांनी कायद्याचं विचारलं. म्हणाल्या, तुमच्या नावावर सुई आणि रीळ आहे. ते घेणार असाल तर साक्षीला सही करता येणार नाही. दोन्हीपैकी एक ठरवा.

धाकटी म्हणाली, "रीळ घेऊन मी काय करू? ताईंचे टाके पहिल्यापासून वाकडे, ते दोऱ्याने सरळ होणार आहेत का? मी सही करते."

मग वकीलबाईंनी तिला तिच्या अर्ध्या हिश्श्याचं विचारलं. तुमच्या क्रिया नातीला द्यायला तुमची हरकत नाही असं लिहू का? धाकटी म्हणाली, "काय लिहायचं ते लिहा तुम्ही." आणि नातीकडे वळली. "पोरी, इकडे ये. हात बघ माझे."

वकीलबाईंच्या टेबलावर कोरे कागद होते, टॉवेल नव्हता. तिने कागदांवर दाखवलं. जाणं, येणं, पडणं, हरवणं, रागावणं. मग ओला, दमट, वाळलेला. बराच वेळ चाललं. घड्याळजींनी दोनदा घड्याळ बघितलं, ते त्यांचं कामच आहे. नातीने पडण्याची घडी पहिल्याच वेळी बरोबर घातली. मी म्हटलं, बघ, माझी नात. धाकटी म्हणाली, हात माझ्यासारखे आहेत. त्यावर मी हरकत घेतलेली नाही.

त्यानंतर कलम ८ रद्द केलं. सुई आणि रीळ नातीला.

कलम १०. नातीने ही भाषा कुणाला शिकवावी यावर माझं बंधन नाही. नवऱ्याला शिकवली तरी चालेल. आधी विचारावं. मी नसेन तर धाकटीला विचारावं, ती नसेल तर रुमालावर लिहून कपाटात ठेवावं. दोरा कुठल्याही रंगाचा चालेल, निळा सोडून. धाकटीने इथे माझ्या दंडाला चिमटा काढला आहे. बरं, निळाही चालेल. साखरेची खूण दिरांसाठी केली तीच ठेवावी, आमच्याकडे साखर नव्हतीच.

यापूर्वी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही, आणि हे इतकं छान झाल्यामुळे पुन्हा करायचा विचार नाही. वरचं सगळं मी वाचलं, मला पटलं, आणि साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत खाली टाका घातला.

ठिकाण: वकीलबाईंचं ऑफिस, जिना चढून डावीकडे, खिडकीजवळचं टेबल.

तारीख: वर शिक्का मारला आहे ती. वेळ संध्याकाळची.

मृत्युपत्र करणारीची सही: लाल दोरा, एक उभा टाका, दोन्हीकडे गाठ.

साक्षीदार पहिले: घड्याळजी. शाईने सही केली.

साक्षीदार दुसरी: मृत्युपत्र करणारीची धाकटी जाऊ. "वरचा टाका ताईंचाच आहे, वाकडा आहे त्यावरून ओळखला," असं तिने तोंडी सांगितलं, ते लिहून घेतलं आहे. तिने पेन घेतलं नाही. या पानाचा खालचा उजवा कोपरा आत दुमडला आणि बोटाने हलकेच दाबला, म्हणजे ओला काळ. वकीलबाईंनी मला हळूच विचारलं की मृत्युपत्रावर याचा काही वाईट अर्थ तर नाही ना. नाही. पाच वाजून गेले होते, मी चप्पल शोधत होते.

हा कोपरा कुणीही सरळ करू नये.